शून्याची जागा

सोमवारच्या बैठकीत सरांनी मुंगीचा अर्ज सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला घेतला, तेव्हाच तिला कळायला हवं होतं की हा मान नव्हे, पाणउतारा आहे. सरांची रीत ठरलेली होती. कौतुक करायचं ते दार लावून, एकट्यात. फजिती मात्र चारचौघांत.

"दुर्बिणीचा वेळ मागितलाय," सर चष्मा कपाळावर चढवत म्हणाले. "दर आठवड्याला अर्धा दिवस. कशासाठी? तर मुक्या दीर्घिकांसाठी! ऐका, पुढचं ऐका. 'या दीर्घिका मुळात मुक्या नसाव्यात, अशी शंका आहे.' शंका! आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?"

टेबलाभोवतीचे सगळे हसले. न हसून करतात काय? प्रत्येकाला दुर्बीण किती वेळ मिळणार, हे सरच ठरवत.

मुंगी म्हणजे त्या खगोलशास्त्र केंद्रातली सगळ्यात लहान चणीची आणि सगळ्यात चिवट संशोधक. हे नाव आत्याने ठेवलेलं. एकदा आत्या तिचा विसरलेला डबा घेऊन आली आणि फाटकातूनच "मुंगे!" म्हणून ओरडली, त्या दिवसापासून पहारेकऱ्यापासून सरांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं. तिची नेमणूक एकेका वर्षाची होती. हे वर्ष महिनाअखेर संपत होतं आणि पुढचं मिळणं न मिळणं सरांच्या सहीवर होतं. अशा वेळी शहाणं माणूस तोंड बंद ठेवतं. मुंगीला तो शहाणपणा कधी जमला नाही.

"आडात नाही, हे बघितलंय कुणी, सर?" ती म्हणाली. "पोहरा सोडल्याशिवाय कसं कळणार?"

हसणं थांबलं.

भानगड अशी होती. आकाशात काही दीर्घिका अशा असतात की त्यांच्या पोटात अवाढव्य कृष्णविवर बसलेलं असतं. ते आजूबाजूचं सगळं ओरपतं आणि ओरपता ओरपता काही भाग दोन्ही बाजूंना झोतासारखा बाहेर फेकतं. ते झोत रेडिओ लहरींत नुसते बोंबलत असतात आणि केंद्राची दुर्बीण, म्हणजे ती मोठी तबकडी, त्यांची बोंब मोजत असते. आता हे झोत कुणाचे असायचे? तर म्हाताऱ्या, लठ्ठ, अंडाकृती दीर्घिकांचे. चक्रीसारखे हात पसरलेल्या सर्पिल दीर्घिकांचं पोट कितीही खवळलेलं असो, त्यांना झोत नसतात, त्या रेडिओत मुक्या, असं ठरून गेलं होतं. कधीतरी कुणीतरी एकदा कान लावला, काही ऐकू आलं नाही, आणि विषय मिटला. वर्गात एकदा 'ढ' ठरलेल्या पोराला पुढे कुणी प्रश्नच विचारत नाही, त्यातलीच ही गत.

"पुस्तकांत लिहिलंय," सर म्हणाले.

"पुस्तकं लिहिणाऱ्यांनी खालच्या फ्रिक्वेन्सीवर बघितलं, तेही एकेकदा. आपली तबकडी वरच्या फ्रिक्वेन्सीची आहे. आपण तर एकदाही बघितलेलं नाही."

"मुंगीला पंख फुटले वाटतं," सर म्हणाले आणि तिचा अर्ज दुमडून त्यांनी चहाच्या कपाखाली ठेवला.

घरी आत्या इस्त्री करत होती. शिवणकारखान्यात मुकादमी करून ती निवृत्त झालेली. आवाज अजून शंभर मशीनच्या वरचा. मुंगी तिच्याकडेच राहायची, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत.

"दादाचा फोन होता," आत्या इस्त्री न थांबवता म्हणाली. दादा म्हणजे मुंगीचे वडील. "त्याच्या ओळखीत कॉलेजात जागा आहे. कायमची. जा म्हणतोय."

"तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, पोरगी तुझी, डोकं आमच्या आईचं. ऐकली तर तुझं नशीब." आत्याने कॉलर उलटी केली. "आज काय झालं? तोंड का पाडलंयस?"

मुंगीने सगळं सांगितलं. आत्याला दीर्घिकांतलं ओ की ठो कळत नव्हतं. अपमानातलं मात्र सगळं कळायचं.

"कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही," ती म्हणाली. "पण भांडायचं तर पोटभर जेवून भांड. उपाशी माणसाला रडू लवकर येतं."

बुधवारी दुपारी दुर्बिणीवर मुंगीची पाळी होती. अर्थात सरांच्या बोंबलणाऱ्या दीर्घिका मोजायची. कुठलीही पाळी सुरू करायची ती शून्य लावून, हा केंद्राचा पहिला नियम. किराणावाला वजन करण्याआधी रिकाम्या पारड्यांचा काटा बघतो, तसंच. तबकडी आधी अशा ठिकाणी वळवायची की जिथे काहीच नाही. तिथे यंत्र जो आकडा दाखवेल, तो यंत्राचा स्वतःचा गोंगाट. तो त्या दिवशीच्या सगळ्या मोजणीतून वजा करायचा आणि कामाला लागायचं.

ती 'काहीच नाही'ची जागा सरांनी तरुणपणी निवडून दिली होती. तिथे एक सर्पिल दीर्घिका होती. साध्या दुर्बिणीतून छान दिसायची, त्यामुळे जागा सापडायला सोपी. आणि रेडिओत मुकी, त्यामुळे शून्याला योग्य. केंद्रात तिला सगळे 'शून्याची जागा'च म्हणत. ती एक दीर्घिका आहे, तिचंही पोट खवळलेलं आहे, हे लोक विसरूनच गेले होते. गंमत बघा, मुंगीने ज्या मुक्या दीर्घिकांसाठी अर्ज केला होता, त्यांत ती नव्हती. शून्यावर संशय घेतो कोण?

तबकडी घरघरत वळली. पडद्यावरची रेघ तळाशी लोळायला हवी होती. ती लोळेना. चांगली वीतभर वर उभी राहिली.

"काका, शून्य वर गेलंय," मुंगीने फोनवर सांगितलं.

पलीकडून तारकाका म्हणाले, "आलो."

तारकाका केंद्राचे यंत्रदुरुस्तीवाले. गळ्यात सदा कुठली तरी वायर, म्हणून तारकाका. वर्षातून दोन-तीनदा शून्य असं वर जायचं आणि दरवेळी खापर त्यांच्या डोक्यावर फुटायचं. तबकडीतल्या लहरी पकडणारा रिसीव्हर नीट ठेवत नाही, हात थरथरतात, लक्ष नाही. सर दरवेळी त्यांना ताकीदपत्र द्यायचे. तारकाका रिसीव्हर उघडायचे, प्रत्येक जोड तपासायचे, काही सापडायचं नाही. काही दिवसांनी शून्य आपोआप खाली यायचं आणि लोक म्हणायचे, बघा, आधीच नीट केलं असतं तर? शेवटी सरांनी परवाच परदेशी बनावटीचा कोरा रिसीव्हर बसवून घेतला होता.

तारकाका आले, पडद्याकडे बघितलं आणि खुर्चीत बसले. रिसीव्हर उघडायलाही गेले नाहीत.

"नवा आहे गं तो," ते म्हणाले. "मी काल तीनदा तपासला. आता काय सांगू त्यांना? माझ्या हातांत भूत आहे म्हणून सांगू?"

त्यांचे हात खरंच थरथरत होते. पण ते अपमानाने, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. मुंगीला इतका राग आला की कानशिलं तापली. नवं यंत्र, जुनाच रोग. मग रोग यंत्राचा कसा? चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती, आणि तीही इतकी वर्षं. यंत्र बदललं, माणसं बदलली, पाळ्या बदलल्या. बदललं नव्हतं ते एकच, तबकडी वळवायची जागा.

तिने तबकडी किंचित बाजूला सरकवली. शेजारच्या खऱ्याखुऱ्या रिकाम्या आकाशाकडे.

रेघ खाली पडली. अगदी तळाला.

तिने तबकडी परत आणली. रेघ वर. पुन्हा बाजूला. खाली. पुन्हा जागेवर. वर.

"काका," मुंगी म्हणाली. "तुमचं यंत्र ठणठणीत आहे. शून्य बोलतंय."

सरांना बोलावणं भाग होतं. ते आले, रेघ बघितली, आणि नेहमीचं बोलले. "मोबाईल असेल. विमान असेल. कुणीतरी खाली मायक्रोवेव्ह लावला असेल."

"तसं असतं तर तबकडी कुठेही वळवली तरी दिसलं असतं, सर. हे फक्त तिथेच दिसतंय." तिने त्यांच्यासमोर पुन्हा करून दाखवलं. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

"बरं. आलेला आकडा वजा कर आणि पुढचं काम सुरू कर."

"नाही."

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "काय म्हणालीस?"

"वजा करणार नाही. तो यंत्राचा गोंगाट नाही. ती दीर्घिका आहे, सर. तिच्या पोटातून झोत निघालाय आणि तो आपल्या दिशेने आहे. आजवर ती जितक्यांदा बोलली, तितक्यांदा आपण तिचा आवाज सगळ्यांच्या आकड्यांतून वजा करत आलो. म्हणजे त्या त्या दिवशी आपल्या सगळ्याच दीर्घिका एकदम..."

ती मध्येच थांबली. बोलता बोलता तिच्याच लक्षात आलं होतं की आपण कुठे येऊन पोचलो. सरांच्या ते तिच्याही आधी लक्षात आलं होतं. त्यांचा चेहरा खडूसारखा पांढरा पडला.

कारण सरांची सगळी कीर्ती 'पडद्या'वर उभी होती. अधूनमधून काही दिवस सगळ्या बोंबलणाऱ्या दीर्घिका एकाच वेळी मंद होतात, हे त्यांनी जगाला दाखवून दिलं होतं. आपल्या आणि त्यांच्या मध्ये वायूचा एक विरळ पडदा सरकतो, असं त्यांनी मांडलं, आणि त्यावर पदक मिळालं. पदक घेतानाचा फोटो जिन्यात लावलेला होता. दुसऱ्या केंद्रांना हा पडदा कधी दिसला नाही, तेव्हा सर म्हणाले होते की त्यांची यंत्रं ओबडधोबड आहेत. पण पडदाबिडदा काही नव्हता. मंद झालेल्या दीर्घिका मंद झालेल्याच नव्हत्या. त्यांच्या आकड्यांतून दुसऱ्या कुणाचा तरी आवाज वजा झाला होता.

"उद्या बोलू," सर म्हणाले. "तोपर्यंत ही गोष्ट या खोलीबाहेर जाता कामा नये."

ते गेल्यावर मुंगीने पुन्हा एकदा आकडा टिपून घेतला. भीती वाटत होती, आणि ती तिने स्वतःशी नाकारलीही नाही. अशी उसळी काही दिवसांत ओसरते. उद्या, परवा, पुढच्या आठवड्यात बोलू असं करत सरांनी वेळ काढला, की रेघ खाली येणार, पुरावा जाणार आणि तारकाकांना आणखी एक ताकीदपत्र. असं काही आकाशात दिसलं तर जगभरच्या दुर्बिणींना तातडीचा निरोप धाडायची सोय असते: इकडे बघा, आत्ता बघा. केंद्रात तो निरोप सरांच्या सहीशिवाय जात नसे. मुंगीने स्वतःच्या नावाने पाठवला.

"आता मेलीस," तारकाका म्हणाले.

"मरू दे," मुंगी म्हणाली. "पण मुकाट्याने नाही."

पहिलं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, आणि ते उत्तर घेऊन सर स्वतःच नियंत्रणकक्षात अवतरले. चारचौघांत, हे सांगायला नकोच. जगातल्या एका नामांकित दुर्बिणीने ती जागा बघितली होती. तिथे काहीच नव्हतं.

"मुकी!" सरांनी कागद नाचवला. "ऐकलंत सगळ्यांनी? मुकी! आणि या बाईंनी आपल्या केंद्राचं नाव जगभर घालवलं!"

मुंगीने कागद मागून घेतला, नीट वाचला, आणि तिचा जीव भांड्यात पडला.

"ही दुर्बीण खालच्या फ्रिक्वेन्सीची आहे, सर. शेजारच्या घरातला टीव्ही भिंतीतून कसा ऐकू येतो? नुसती घरघर येते, शब्द अडकतात. इथे उलटं आहे. दीर्घिकेच्या पोटाभोवती तापलेल्या वायूची भिंत आहे, ती घरघर गिळते आणि वरचा सूर बाहेर जाऊ देते. खाली कान लावणाऱ्याला काही ऐकू येणारच नाही. आजवरही याचमुळे आलं नाही."

"म्हणजे जिथे काही दिसत नाही, तोच तुझा पुरावा! वा!"

सगळे हसले, पण या वेळी एक-दोघं सरांकडे न बघता पडद्यावरच्या रेघेकडे बघत हसले. ती आणखी वर सरकली होती.

दुसरं उत्तर आलं ते वरच्या फ्रिक्वेन्सीच्या दुर्बिणीचं, पार दुसऱ्या खंडातून. दोनच ओळी होत्या. दीर्घिका जोरात दिसते आहे आणि दर तासाला वाढते आहे. इतकी वर्षं ही कुणाला दिसली कशी नाही?

त्या संध्याकाळी सरांनी मुंगीला आपल्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. त्यावरूनच तिला कळलं की आता कौतुक होणार.

"मी चुकलो," सर म्हणाले. एवढं बोलायला त्यांना पाण्याचा घोट घ्यावा लागला. "मोठं काम केलंस. सर्पिल दीर्घिकेचा झोत! पाठ्यपुस्तकं बदलतील. आपल्या दोघांच्या नावाने लिहू. तुझी नेमणूक कायमची करतो, कागद तयार आहे. फक्त एक कर. ती दीर्घिका आपण मुद्दाम शोध घेऊन बघितली असं लिही. शून्यासाठी वापरत होतो, हे आत घालायची गरज नाही."

"आणि पडदा?"

"पडद्याचा इथे संबंध काय?"

"आणि तारकाकांची ताकीदपत्रं?"

"तो आता निवृत्तच होतोय गं. कशाला जुनं उकरायचं?"

मुंगीने टेबलावरच्या कागदाकडे बघितलं. कायमची नेमणूक. आत्याच्या दोन खोल्यांचं भाडं, दादांच्या फोनांचा शेवट, दर वर्षी सहीसाठी ताटकळणं बंद. हवं होतं तिला ते, का नसावं? आणि हे म्हातारं माणूस आपल्यासमोर कधी नव्हे ते पाण्याचा घोट घेऊन 'चुकलो' म्हणतंय, याचंही तिला वाईट वाटलं. पण याच माणसाने एका दीर्घिकेच्या आवाजाचं खापर दुसऱ्या माणसाच्या थरथरत्या हातांवर फोडलं होतं. निदान इतकी वर्षं नकळत तरी. आता तो ते कळून करायला सांगत होता.

"सर, ती दीर्घिका मुकी नव्हती, हे मी लिहीन," मुंगी म्हणाली. "आणि आपण बहिरे होतो, हेही लिहीन. त्यातलं एकच लिहिलं तर ते खोटं होईल."

"मग महिनाअखेर तुझा इथला शेवटचा दिवस."

"चालेल," मुंगी म्हणाली, आणि दार स्वतः उघडून बाहेर पडली.

आत्याने ऐकून घेतलं. इस्त्री मात्र या वेळी तिने उभी करून ठेवली.

"कायमची नोकरी नाकारलीस?"

"हो."

"म्हणजे समोर ठेवलेल्या कागदाला नाही म्हणालीस? सरळ तोंडावर?"

"हो, आत्या."

आत्याने तिला आपादमस्तक न्याहाळलं. "आमची आई असती तर आज तिने तुझी दृष्ट काढली असती," ती म्हणाली. "मी काढणार नाही. ऊठ, भांडी घास. आता घरीच असणार आहेस."

मुंगीने सगळं लिहिलं. शून्याची जागा, वजाबाकी, पडदा, सगळं. सरांचे जुने आकडे घेऊन त्यांत वजा केलेलं पुन्हा मिळवलं, आणि पडदा विरून गेला, हेही दाखवलं. लेखावर दोन नावं घातली, तिचं आणि तारकाकांचं. तारकाका आधी नको नको म्हणाले, मग त्यांनी स्वतःचं नाव दोनदा वाचून बघितलं. लेख गेला, आता तो परत ओढून घेता येणार नव्हता.

शेवटच्या दिवशी दुपारी तिची शेवटची पाळी होती. सरांनी पाठवलेल्या कार्यक्रमात नेहमीच्या बोंबलणाऱ्या दीर्घिका होत्या, ओळीने. शून्यासाठी नवी जागा दिलेली होती. मुंगीने नव्या जागेवर शून्य लावलं, ती जागा खरंच रिकामी आहे ना, हे चारही बाजूंनी तपासलं, आणि कार्यक्रम बाजूला ठेवून तबकडी जुन्या जागेकडे वळवली. तिच्याकडे पाळी संपेपर्यंतचा वेळ होता. उद्यापासून या दीर्घिकेकडे इथून कोण बघणार होतं?

रेघ वर चढली. मुंगी आकडे घेत राहिली. झोत या वेळी ओसरलाच नव्हता, अजून वाढत होता, आणि काय वाढत होता! इतकी वर्षं तोंडावर हात ठेवलेला, आता हात निघालेला.

फोन वाजला. ती उठली नाही. थांबला, पुन्हा वाजला. सरांच्या खोलीतून तबकडी कुठे वळली आहे ते दिसायचं, तेव्हा कोण असणार हे उघडच होतं. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा कोपऱ्यात काम करत असलेल्या तारकाकांनी हातातला स्क्रू-ड्रायव्हर खिशात घातला, पुढे झाले आणि फोन उचलला.

"मी बोलतोय, साहेब," ते म्हणाले. "हो, तबकडी तिथेच आहे. नाही, अडकलेली नाही. बिघाड नाही." पलीकडून बराच वेळ आवाज येत राहिला. तारकाकांनी तो येऊ दिला. त्यांचा हात फोनवर अगदी स्थिर होता.

"साहेब, आता माझं ऐका," ते म्हणाले. "बिघाड आज नाही, काल नव्हता, आणि तुम्ही मला पहिलं पत्र दिलंत तेव्हाही नव्हता. त्यांना फोन देणार नाही. त्या काम करतायत."

त्यांनी फोन खाली ठेवला आणि त्याची वायर भिंतीतून काढून गळ्यात अडकवली.

"चालू दे, पोरी," ते म्हणाले.

मुंगीने मागे वळून बघितलं नाही. डोळे भरून आले होते आणि पुढचा आकडा वाचायचा होता.